चुकीचं बटण दाबण्याचा हक्क

सारेगामाचा ‘कारवाँ’ हा गाण्यांचा डबा आमच्या इंजिनिअर मंडळींमध्ये गेली काही वर्षं चेष्टेचा विषय आहे. २०१७ साली तो बाजारात आला. आत पाच हजार जुनी गाणी भरलेली, किंमत सहा हजारांच्या आसपास, रूप साठच्या दशकातल्या ट्रान्झिस्टरचं. पहिली प्रतिक्रिया ठरलेली होती: फोनवर कोट्यवधी गाणी असताना पाच हजार गाण्यांचा डबा घेणार कोण? मग तो भरपूर खपला, वडिलांच्या एकसष्टीला आणि आईच्या वाढदिवसाला घरोघरी पोचला, आणि चेष्टेने दिशा बदलली. आता म्हणतात, हा निव्वळ स्मरणरंजनाचा धंदा आहे. आतमध्ये एक मेमरी चिप आहे आणि वरून जुनी झूल चढवली आहे. म्हाताऱ्यांचं खेळणं आहे झालं.

या शेवटच्या वाक्याशी माझं भांडण आहे. ‘म्हाताऱ्यांचं खेळणं’ हे हिणवायला म्हटलं जातं. मला ते त्या वस्तूचं सगळ्यात चांगलं वर्णन वाटतं. गाणी वाजवणारी, उचलून कुठेही नेता येणारी वस्तू खेळण्यासारखी असायलाच हवी. ती तशी नसली की त्याची किंमत आमच्यासारखे लोक मोजत नाहीत. ती मोजतात म्हातारी माणसं, कमी शिकलेली माणसं, ज्यांची बोटं कामाने जाड झाली आहेत अशी माणसं. खेळकर डिझाइन म्हणजे रंगरंगोटी किंवा पैसेवाल्यांचे चोचले, असा आमच्या धंद्यात समज आहे. माझ्या मते खेळकर वस्तूची व्याख्या साधी आहे: जिच्याशी चुकलं तरी काही बिघडत नाही, ती खेळकर. संगीत फोनमध्ये नेऊन ठेवताना आपण असंख्य लोकांची चुकायची मुभा काढून घेतली, आणि आता त्यांनाच अडाणी म्हणतो आहोत.

रिंगण

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना नीरा नदी ओलांडली की सातारा जिल्हा लागतो, आणि लगेच शिरवळ. तालुका खंडाळा. बाहेरच्यांना हे गाव महामार्गावरचं चहाचं ठिकाण किंवा एमआयडीसी म्हणून माहीत असतं. याच तालुक्यात लोणंद आहे. आषाढीच्या वाटेवर ज्ञानेश्वर माउलींची पालखी लोणंदला मुक्काम करते, आणि पुढे तरडगावच्या वाटेवर चांदोबाचा लिंब इथे पहिलं उभं रिंगण होतं. दोन्ही बाजूंना वारकरी उभे राहतात, मधली वाट मोकळी ठेवतात आणि त्या वाटेवरून अश्व धावतो. आजूबाजूला सत्तरीच्या बायका फुगड्या घालतात. धोतरातले आजोबा एकमेकांचे हात धरून गरगर फिरतात. कुणी तोल जाऊन बसलं तर बाकीचे हसतात, उठवतात, पुन्हा फुगडी सुरू.

ही माणसं लहान मुलं झालेली नसतात. ती घरी व्यवहाराला पक्की असतात. पण तेवढ्या जागेत, तेवढ्या वेळात, पडणं म्हणजे पडणं एवढंच असतं. पडल्याबद्दल कुणाला दंड होत नाही, घरचं काही जात नाही. डच इतिहासकार योहान हौझिंगा याने १९३८ सालच्या ‘होमो लुडेन्स’ या पुस्तकात खेळाची लक्षणं सांगताना दोन गोष्टींवर भर दिला होता: खेळ स्वखुशीने होतो, आणि तो रोजच्या व्यवहारापासून आखून वेगळ्या केलेल्या जागेत होतो. आपल्याकडे त्या आखलेल्या जागेला शब्द आहे. रिंगण.

गाणी वाजवणारा स्वतंत्र डबा हे असंच छोटं रिंगण असतं. त्याच्या आत फक्त गाणी असतात. कुठलंही बटण दाबा, फार तर नको असलेलं गाणं लागेल.

गाणं लावणं आणि गाणं लागणं

मराठीत आपण गाणं ‘लावतो’. दिवा लावतो, रोप लावतो, तंबोरा लावतो, तसंच. या क्रियापदात करणारा माणूस आहे आणि त्याचा हात आहे. दुसरीकडे रेडिओवर गाणं ‘लागतं’. १९५५-५६ मध्ये आकाशवाणी पुण्यावरून गीतरामायणाची ५६ गाणी आठवड्याला एक या बेताने लागली आणि लोक त्यासाठी घड्याळ बघून बसले. लागण्यातही मजा होती, कारण लागेपर्यंत वाट बघणं आपलं होतं. टेपरेकॉर्डर आला आणि लावणं घरोघरी आलं. फीत अडकली की पेन्सिल घालून गुंडाळायची. कॅसेटच्या कडेच्या खिट्या मोडल्या असतील तर तिथे कागदाचा बोळा कोंबून तिच्यावर पुन्हा रेकॉर्ड करायचं. फीत पुढे पळवताना अंदाजाने थांबायचं, चुकायचं, परत मागे यायचं. हे सगळं मॅन्युअलमध्ये नव्हतं. वस्तूने हात लावू दिला म्हणून लोकांनी शोधून काढलं.

चांगल्या कंपन्यांना हे कळत होतं. सोनीचा पहिला वॉकमन १ जुलै १९७९ ला जपानमध्ये विक्रीला आला. पत्रकारांच्या छोट्या टेपरेकॉर्डरमधून रेकॉर्डिंगची सोय काढून टाकून तो बनवला होता, म्हणजे वस्तू एका कामापुरती करण्यातून तो जन्मला. त्याला हेडफोनसाठी दोन जागा होत्या, कारण माणसांनी एकेकट्याने गाणी ऐकणं उद्धटपणाचं दिसेल अशी अकिओ मोरिता यांना धास्ती होती. आणि त्यावर एक नारिंगी बटण होतं. ते दाबून धरलं की गाण्याचा आवाज खाली जायचा आणि शेजारी काय बोलतो आहे ते मायक्रोफोनमधून कानात यायचं. पुढे अनुभवातून ही बटणं आणि जोडभोकं गेली. पण पहिल्या वस्तूत कुणीतरी गंमत म्हणून, माणसाचा विचार करून, जरा जास्तीचं काही ठेवलं होतं.

२३ ऑक्टोबर २००१ ला ॲपलने आयपॉड दाखवला. त्याचं चाक फिरवलं की आतून टिकटिक आवाज यायचा. त्यासाठी आत वेगळा बारीकसा स्पीकर बसवलेला होता. गाणं ऐकायला त्या टिकटिकीची गरज नव्हती. अंगठ्याला मात्र होती, कारण न बघता कळायचं की आपण यादीत किती पुढे आलो. जास्त फिरलं तर उलटं फिरवा. चुकीची किंमत काय, तर चाकाचा पाव फेरा.

या वस्तूंची जादू त्यांच्या रंगात किंवा गोलाईत होती असं आपण समजतो. मला वाटतं ती चुकीच्या या किमतीत होती.

२०१६

आता तारखा बघा. एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय आलं. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओची सेवा सुरू झाली आणि गावागावांत इंटरनेट फुकटाच्या भावात पोचलं. ७ सप्टेंबरला ॲपलने आयफोन ७ मधून हेडफोनची जागा काढून टाकली आणि या कृतीला मंचावरून ‘धैर्य’ म्हटलं. ८ नोव्हेंबरला नोटाबंदी जाहीर झाली आणि फोनने पैसे देणं ही सवय नसलेल्यांनाही करावी लागली. एका वर्षाच्या आत गाणी, पैसे आणि ओळखपत्र एकाच काचेखाली आले. शहरातल्या तिशीच्या माणसाला ही सोय वाटली. ज्याला पडद्यावरचं निम्मं वाचता येत नाही, त्याच्यासाठी एकाच काचेवर दोन खोल्या झाल्या: एकीत अभंग, दुसरीत आयुष्याची पुंजी, आणि दोन्हींच्या मध्ये दार नाही.

शिरवळात माझ्या आजीला स्मार्टफोन दिला तेव्हा आम्ही तिला हरिपाठ कसा लावायचा ते शिकवलं. तिला ते एका दिवसात आलं. तरी ती लावत नसे. बोट पडद्याजवळ न्यायची आणि तापल्या तव्याजवळून घ्यावं तसं मागे घ्यायची. का, विचारलं तर म्हणाली, “कायतरी दाबलं जायचं आन् पैसं जायचं.” घरात सगळे हसले. मी हसू शकलो नाही, कारण तिचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या बरोबर होतं. तिच्या आधीच्या साध्या फोनवरून असे पैसे गेलेले होते: कुठलंतरी बटण दाबलं जाऊन कॉलर ट्यून सुरू झाली होती आणि दर महिन्याला बॅलन्स कापला जात होता. हे देशभर इतकं झालं की २०१३ मध्ये ट्रायला दूरसंचार कंपन्यांना बजावावं लागलं, की अशी सेवा सुरू करण्याआधी ग्राहकाची दोनदा संमती घ्या. तेव्हा जी भीती आपण अडाणीपणा म्हणून मोडीत काढतो, ती अनुभवातून आलेली आहे, आणि सरकारी नियामकाने तिच्यावर शिक्कामोर्तब केलेलं आहे.

हरिपाठ चालू असताना मध्येच जाहिरात लागते. जाहिरातीवरची फुली बारीक असते आणि बाकीचा सगळा पडदा म्हणजे ‘आत या’ असतो. फुली चुकली की आजी दुसऱ्याच दुकानात उभी. हे चुकून झालेलं नसतं. फुली केवढी ठेवायची, किती सेकंदांनी दाखवायची, हे ठरवायला पगारी माणसं असतात. मी त्याच धंद्यातला आहे.

याच धंद्यातली आणखी एक रीत सांगतो. एखादं बटण डावीकडे ठेवावं की उजवीकडे हे ठरत नसलं की आम्ही निम्म्या लोकांना ते डावीकडे दाखवतो, निम्म्यांना उजवीकडे, आणि कुठे जास्त दाबलं जातं ते मोजतो. आमच्यासाठी ही शास्त्रीय पद्धत. आळीतल्या दोन म्हाताऱ्यांसाठी तिचा अर्थ असा, की एकीने दुसरीला शिकवायची सोय संपली. शेजारणीच्या फोनवर वेगळं दिसतं. गावात माणूस मोटर चालू करायला, शेगडी पेटवायला, टीव्ही लावायला शेजाऱ्याकडून शिकत आला. ते शिकणं वस्तू सगळ्यांकडे सारखी असते या भरवशावर उभं होतं. नॉब रात्रीतून जागा बदलत नाही. ॲप बदलतं, आणि अपडेट झालं म्हणून वर अभिनंदनही करतं.

गंमत म्हणजे खेळ मेला नाही, त्याने फक्त घर बदललं. गूगलचं ‘तेझ’ सप्टेंबर २०१७ मध्ये आलं, त्यात पैसे पाठवले की स्क्रॅच कार्ड मिळायचं. बोटाने खरवडा आणि नशीब बघा. पैशाच्या व्यवहारात, जिथे माणसाने सावध असावं, तिथे आम्ही खेळ नेला. गाण्यात, जिथे माणसाने निर्धास्त असावं, तिथे जाहिराती, वर्गणी, लॉगिन आणि संमतीचे चौकोन नेले. आमच्या धंद्यात खेळकरपणा हा शब्द इतक्या वेळा उच्चारला जातो की त्याचा उलटा अर्थ कधी झाला ते कुणाच्या लक्षात आलं नाही. वापरणारा खेळतो तो खेळ. वापरणाऱ्याला खेळवलं जातं त्याला आपल्याकडे वेगळा शब्द आहे.

कारवाँचं खरं-खोटं

आता कारवाँ. त्याच्यावरच्या आरोपांपैकी काही खरे आहेत आणि ते मान्य केल्याशिवाय त्याची बाजू घेणं म्हणजे जाहिरात होईल.

त्याचं जुनेपण उसनं आहे. ट्रान्झिस्टरचा नॉब फिरवताना दोन स्टेशनांच्या मध्ये खरखर लागायची, त्या खरखरीतून सांगली केंद्र सापडायचं, रात्री कुठलं तरी परदेशी केंद्र सापडायचं. ते सापडणं हा त्या वस्तूचा खेळ होता. कारवाँच्या नॉबखाली असं काही दडलेलं नाही. तो एका गायकावरून दुसऱ्या गायकावर उडी मारतो. गाणीही सारेगामाच्या स्वतःच्या संग्रहातली. ही कंपनी म्हणजे पूर्वीची ग्रामोफोन कंपनी, एचएमव्ही. तिच्याकडे प्रचंड खजिना आहे यात शंका नाही. पण सातारा-सांगलीकडच्या माणसाचं कानावरचं आयुष्य एका कंपनीच्या कपाटात मावत नाही. प्रल्हाद शिंदे, आनंद शिंदे, विठ्ठल उमप, तमाशाच्या फडांच्या कॅसेटी, गावच्या भजनी मंडळाचं मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग, यातलं बरंचसं त्या पाच हजारांत असण्याचं कारणच नाही. मराठी कारवाँ निघाला म्हणून मराठी ऐकणारा सगळा त्यात आला असं होत नाही. आणि त्याच्या जाहिरातींत म्हातारा माणूस नेहमी भेट घेणारा असतो. मुलगा आणतो, आईच्या डोळ्यांत पाणी येतं. स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या मर्जीने गाण्यांचा डबा विकत घेणारी साठीची बाई त्यांना सुचलेली दिसत नाही.

हे सगळं मान्य. तरी एक गोष्ट उरते आणि ती बाकी सगळ्यांवर मात करते. या डब्याला चुकीचं बटण नाही. वाटेल तसा नॉब फिरवा: लता, रफी, किशोर, आशा. डोळे मिटून फिरवा. नातवाला फिरवू द्या. बँकेचा संदेश येणार नाही, कुणाला व्हिडिओ कॉल लागणार नाही, पासवर्ड विचारला जाणार नाही. पेन ड्राइव्ह लावायची जागाही आहे, म्हणजे कंपनीच्या कपाटाबाहेरची गाणी आणायला एक खिडकी आहे. लोकांनी सहा हजार मोजले ते जुन्या दिसण्यासाठी, असं चेष्टा करणारे समजतात. मला वाटतं ते निर्धास्तपणासाठी मोजले. जुनं रूप फक्त त्याची ओळख पटवतं: ही त्या जातीची वस्तू आहे जिला हात लावायला भीती वाटायची नाही.

पाचशे रुपयांचा डबा

आणि खरा खेळकर डबा कुठला म्हणाल, तर तो कारवाँ नाहीच. तो शिरवळच्या बाजारात, कुठल्याही तालुक्याच्या गावात, जत्रेतल्या पालावर पाचशे-सातशे रुपयांत मिळतो. प्लॅस्टिकचा, भडक, समोर स्पीकरची जाळी, बाजूला डोळ्यांत खुपणारे लाल-निळे दिवे. त्याला नाव धड नसतं. त्यात एफएम लागतो, मेमरी कार्ड लागतं, पेन ड्राइव्ह लागतो. आणि त्यातल्या बऱ्याच डब्यांवर फोनसारखी आकड्यांची बटणं असतात: एकशे सत्तेचाळीस दाबलं की कार्डावरचं एकशे सत्तेचाळिसावं गाणं सुरू.

या एका सोयीचं कौतुक एखाद्या डिझाइन शाळेत झाल्याचं मी ऐकलेलं नाही. व्हायला हवं. कारण ज्याला अक्षर येत नाही त्यालाही आकडा येतो. एसटीची पाटी, बाजारातला भाव, फोन नंबर, सगळं आकड्यांतच चालतं. लोक वहीत, कॅलेंडरच्या मागे, आवडत्या गाण्यांचे आकडे लिहून ठेवतात; काहींचे तोंडपाठ असतात. अमुक आकड्याला ‘काकड आरती’, तमुक आकड्याला लावणी. पोरं आजोबांना विचारतात, बासष्टला काय आहे? आजोबा म्हणतात, दाबून बघ. हा खेळ कुठल्याही कंपनीने डिझाइन केलेला नाही, पण वस्तूने त्याला जागा ठेवली.

कार्ड भरून देणं हाही एक व्यवसाय होता. मोबाइलच्या दुकानांवर पाट्या असायच्या: गाणी भरून मिळतील. दुकानदार विचारायचा, भक्तिगीतं, जुनी हिंदी, शिंदेशाही, लावण्या, काय हवं? तो गिऱ्हाइकाला बघून काही स्वतःच्या मनाची गाणीही टाकायचा. हक्कांच्या दृष्टीने हा सगळा चोरीचाच मामला होता, आणि गायक-संगीतकारांना त्यातून काही मिळालं नाही, हे लपवायचं कारण नाही. पण त्यातून एवढं कळतं की निवड करणारा माणूस लोकांना हवा होता, आणि तो चेहऱ्याने ओळखीचा असलेला चालत होता.

यातल्या अनेक डब्यांत बीएल-५सी ही बॅटरी असते, नोकियाच्या जुन्या साध्या फोनमध्ये असायची तीच. मागचं झाकण नखाने उघडतं. बॅटरी गेली तर गावातल्या कुठल्याही मोबाइल दुकानात नवी मिळते. महागड्या फोनमध्ये बॅटरी बदलायला सर्व्हिस सेंटर गाठावं लागतं. हा डबा आजी स्वतः उघडते.

स्टॉकहोमच्या टीनेज एंजिनिअरिंग या कंपनीने २०२३ मध्ये टीपी-७ नावाचा खिशात मावणारा ध्वनिमुद्रक आणला. त्यावर मोटरने फिरणारी एक तबकडी आहे. ती बोटाने थांबवायची, मागे-पुढे फिरवायची, आणि आवाज त्याप्रमाणे सरकतो. किंमत १,४९९ डॉलर, म्हणजे लाखाच्या वर. सुंदर वस्तू आहे, मला आवडते. आमच्या वर्तुळात तिच्या व्हिडिओंना दाद देताना लोक थकत नाहीत. स्पर्श, खेळ, भौतिक वस्तूचं पुनरागमन असे शब्द वापरतात. हेच लोक पाचशेच्या डब्याला कचरा म्हणतात. तत्त्व दोन्हीकडे एकच आहे: हाताला काम द्या, चूक स्वस्त ठेवा. लाख रुपयांत त्याला डिझाइन म्हणायचं आणि पाचशेत जत्रेतला माल, ही डिझाइनची समीक्षा नाही, ही जात-वर्ग बघून केलेली पारख आहे.

आक्षेप

पहिला आक्षेप डिजिटल साक्षरतेचा. लोकांना शिकवा, वस्तू कशाला वेगळी? शिकवायला हवंच, बँकेसाठी, दवाखान्यासाठी, सातबाऱ्यासाठी. पण गाणं ऐकायला शिकवणी का लागावी? आमच्या कामात आम्ही लिहिलेली प्रत्येक ओळ मागे घेता येते, प्रत्येक बदल पूर्ववत करता येतो. ही सोय नसती तर आमच्यातला एकही जण धीटपणे काम करू शकला नसता. स्वतःसाठी आम्ही चूक पुसायची सोय बांधून घेतली आणि वापरणाऱ्याला मात्र साक्षर व्हायला सांगतो.

दुसरा आक्षेप कचऱ्याचा. घरात आधीच फोन आहे, मग आणखी एक प्लॅस्टिकचा डबा का? हा आक्षेप गंभीर आहे आणि स्वस्त डब्यांच्या बाबतीत बराचसा खराही आहे. ते लवकर मोडतात. पण त्याचं उत्तर डबा नको हे नाही. झाकण उघडणारा, बॅटरी बदलता येणारा, गावात दुरुस्त होणारा डबा हवा, हे आहे. दर तीन-चार वर्षांनी फोन बदलणाऱ्यांनी कचऱ्याची काळजी या डब्यापासून सुरू करावी हे जरा विनोदी आहे.

तिसरा आक्षेप जरा सूक्ष्म आहे: हातात बटणं देऊन तुम्ही म्हाताऱ्यांना बालिश ठरवता. उलट आहे. ज्या माणसाला गाण्यासाठी दरवेळी सुनेला हाक मारावी लागते, नातू मोकळा होईपर्यंत थांबावं लागतं, त्याला घराने मूल करून ठेवलेलं असतं. न विचारता, न घाबरता, रात्री झोप लागत नाही म्हणून अंधारात हात लांब करून स्वतः गाणं लावणं, हे मोठ्या माणसाचं लक्षण आहे.

मागणी

तक्रार करून थांबणं मला पटत नाही, म्हणून मागणी लिहितो. मराठी घरासाठी गाण्यांचा असा डबा हवा, ज्यावर अंधारात बोटाला कळतील असे उंचवटे असतील. आकड्यांची बटणं देवनागरीत, मोठी. एक नॉब, ज्याचा टप्पा हाताला जाणवेल. मेमरी कार्डची जागा, म्हणजे निवड कंपनीची नाही, घरची. कीर्तनकाराचं रेकॉर्डिंग आणि भजनी मंडळाची चाल भरता यावी म्हणून एक साधं रेकॉर्ड बटण. सोनीने काढलं ते आपण परत घालू. नखाने उघडणारं झाकण आणि दुकानात मिळणारी बॅटरी. इंटरनेट नाही. खातं नाही. अपडेट नाही.

यात अवघड तंत्रज्ञान काहीही नाही. लागणारी चिप काही रुपयांना मिळते. लागणारं मन मिळत नाही, एवढंच. शिरवळच्या एमआयडीसीत गोदरेजच्या कारखान्यात फ्रिज बनतात. याच कंपनीने ‘छोटुकूल’ नावाचा छोटा फ्रिज करताना तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांमधल्या बायकांना बोलावून, त्यांना काय हवं ते विचारून घेतलं होतं. तो फ्रिज अपेक्षेप्रमाणे गरिबांच्या घरात पोचला नाही, पुढे शहरी गिऱ्हाइकांकडे वळला. विचारून केलं म्हणजे खपेलच असं नसतं. पण विचारायची पद्धत इथे माहीत आहे, वस्तू घडवणारे हात इथे आहेत, आणि पन्नासेक किलोमीटरवर पुण्यात आमच्यासारखे हजारो इंजिनिअर आहेत जे दिवसभर दुसऱ्या देशातल्या कुणाच्या तरी पडद्यावर बटण डावीकडे ठेवावं की उजवीकडे यावर खल करतात.

तोपर्यंत आमच्या मंडळींनी एवढं करावं. कारवाँची चेष्टा थांबवावी, जत्रेतला भडक डबा एकदा हातात घेऊन त्याची बटणं दाबून बघावीत, आणि पुढच्या बैठकीत कुणी ‘वापरणारे घाबरतात, त्यांना शिकवायला हवं’ म्हटलं, तर विचारावं: आपल्या वस्तूवर चुकीचं बटण दाबलं तर त्या माणसाचं काय काय जातं? उत्तर ‘फक्त गाणं बदलतं’ यापेक्षा मोठं असेल, तर शिकायची गरज आपल्याला आहे.